शेपटीवर बसणारं विमान

बाबांनी खोकं माझ्या पलंगाच्या कडेला ठेवलं आणि आई दारात यायच्या आतच म्हणाले, "हे बाळाचं नाही. हे माझं आहे."

आई तरी आलीच. हाताला कणीक लागलेली. "मी काही म्हटलं का?"

"म्हणायच्या आधी सांगून ठेवलं."

"नवीन आणलंत?"

"जुनंच आहे. रिटायर झालो तेव्हा कारखान्याच्या पेंट शॉपमधल्या पोरांनी दिलेलं. माळ्यावर पडून होतं."

आईने खोक्यावरचं चित्र लांबूनच पाहिलं. ढगांच्या वर चाललेलं चंदेरी लढाऊ विमान, त्रिकोणी पंखांचं, नाकाशी उघड्या तोंडाचं. "खेळणंच की शेवटी."

"खेळणं नाही, मॉडेल आहे. मिग एकवीस. आयुष्यभर हेच रंगवलं मी."

"एवढं रंगवून हौस फिटली नाही वाटतं," म्हणून ती कणकेकडे परत गेली. खोकं परत माळ्यावर ठेवा असं म्हणाली नाही, म्हणजे परवानगी मिळाली होती.

त्या दिवसांत आमच्या घरात बाळाचं म्हणून काहीही आणायला बंदी होती. दुपटं नाही, टोपडं नाही, साधी पावडरची डबी नाही. बाळ हातात येईपर्यंत त्याच्या नावाचं घरात काही नको, हा आईचा नियम, आणि तिच्या आईचाही. जुन्या सुती साड्या तिने धुऊन कपाटात ठेवल्या होत्या, पण विचारलं तर "फडकी आहेत" म्हणायची.

पहिल्या खेपेला हा नियम बाबांनी मोडला होता. पाचवा महिना लागला आणि ते नाशिकच्या सराफ बाजारातून चांदीचे वाळे घेऊन आले. बारीक तारेचे, एवढेसे, टोकाला एकेक घुंगरू. गुलाबी कागदाची पुडी खिशात घालून गल्लीभर दाखवत फिरले. सहाव्या महिन्यात सगळं संपलं. नर्सने एवढंच सांगितलं, मुलगा होता. दवाखान्यातून घरी आल्यावर आई बाबांना एकच वाक्य बोलली, "मी म्हटलं होतं, आधी आणू नका." मग तो विषय बंद झाला. वाळ्यांचाही आणि त्याचाही. त्याला नाव नव्हतं, त्यामुळे आठवण काढायची तरी कुठल्या शब्दाने, हेही कोणाला कळत नव्हतं. माझा नवरा मंदार आणि मी पुण्याला परत गेलो. नंतर कधीतरी लक्षात आलं की बाबा हल्ली भाजीला जातानाही आईला विचारतात, "मेथी आणू का?" पूर्वी ते मनाला येईल ते पिशवीभर आणायचे आणि वर भांडायचे.

आता दुसरी खेप होती. डॉक्टर बागूल मॅडमनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता आणि बजावलं होतं, "संडास-बाथरूम सोडून पलंगावरून उठायचं नाही. जेवढे दिवस आत राहील तेवढं चांगलं." म्हणून मंदार मला ओझरला माहेरी सोडून गेला. पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा लावलेल्या, डोकं खाली, पाय वर. मी डाव्या कुशीवर पडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायची आणि पोटात काही हललं की मगच श्वास सोडायची. मोबाईल हातात होता, तो तर शत्रूच. काहीही शोधलं तरी शेवटी वाईटच निघायचं.

म्हणून बाबांनी ते खोकं काढलं असणार. तसं ते बोलले मात्र नाहीत.

मॅडमना त्यांनी आधी फोन करून विचारलं. मी ऐकत होते. "मॅडम, पाण्यात मिसळायचा रंग आहे, वासाचा नाही. गोंद मी गॅलरीत लावीन, दार बंद करून. चालेल ना?" पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, नाही, घर नाही रंगवत. विमान."

काम असं चालायचं. दुपारी आई आडवी झाली की बाबा एक थर्मोकोलची पाटी उशीवर ठेवून माझ्या पोटाशी लावायचे. चौकटीला लटकलेले प्लॅस्टिकचे तुकडे ते पात्याने सोडवायचे, कडा घासायचे आणि माझ्यासमोर ठेवायचे. रंगवायचं काम माझं. आधी वैमानिकाची बसायची जागा. त्यांनी हिरवट निळा रंग मिसळून दिला. बोटाच्या पेराएवढी खुर्ची, तिच्यापुढे एवढीशी पाटी आणि त्यावर घड्याळं.

"असला रंग? आत?" मी विचारलं.

"रशियन लोकांचा. म्हणे डोळ्याला शांत वाटतं."

"वाटतं?"

"मी कधी बसलो नाही उडताना. रंगवताना उकडायचं फक्त."

मी शून्य नंबरच्या ब्रशने घड्याळांवर पांढरे ठिपके देत होते. हात थरथरला की बाबा म्हणायचे, "श्वास सोडून दे आणि मग टेकव." मी श्वास सोडायची. मला वाटतं, दिवसभरात तेवढाच मी नीट सोडत असेन.

विमानाची एक सोय झाली. पोटाबद्दल विचारायची सगळ्यांना भीती वाटायची, ते विमानाबद्दल विचारू लागले. मंदारचा फोन यायचा, "काय म्हणतंय विमान?" मी म्हणायची, "ठीक आहे. आज पंख घासले." "बरं," तो म्हणायचा, आणि त्याच्या आवाजातला ताण सैल झालेला मला ऐकू यायचा. शेजारच्या पगारेकाकू खिडकीतून डोकावून म्हणायच्या, "कुठवर आलं गं?" आणि आम्ही दोघी ते विमानाबद्दलच आहे असं धरून चालायचो.

मग वजनाची भानगड सुरू झाली.

विमानाच्या अंगाचे दोन अर्धे भाग चिकटवण्याआधी नाकात वजन भरावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. "याचे पंख मागे, सगळा भार मागे," बाबा म्हणाले. "खरं विमान इंजिनासकट तोलून बनवलेलं असतं. हे पोकळ. पुढे वजन नसेल तर चाकांवर उभंच राहणार नाही. शेपटीवर बसेल."

"मग भरा की."

त्यांनी नटबोल्ट आणले. आईकडून कणकेची गोळी मागून घेतली, तिच्यात नट दाबले, गोळी नाकात बसवली, दोन्ही अर्धे चिकटपट्टीने बांधले, चाकं तात्पुरती लावली आणि विमान पाटीवर ठेवून हात काढला. ते क्षणभर उभं राहिलं. मग नाक वर करून सावकाश मागे कललं आणि शेपटीवर बसलं.

"लोखंड हलकं पडतंय," ते म्हणाले. "आणि जागा तरी केवढीशी, तोंडात मध्येच हा टोकदार शंकू. शिसं हवं. पगारेंकडे आहे, मासेमारीच्या गळाचं."

"शिसं नको."

"मी हातमोजे घालतो. तू हात लावू नकोस."

"नको म्हटलं ना बाबा. शिसं वाईट असतं पोटातल्या बाळाला. मी वाचलंय."

ते पगारेंकडे गेले नाहीत. पुढचे काही दिवस त्यांनी काय काय आणलं. सायकलचे छर्रे, पितळेचे तुकडे, जुन्या कुलपाची दांडी कापून. दरवेळी तेच. हात काढला की ते क्षणभर उभं राही आणि आम्हाला वाटे, जमलं, आणि मग ते मागे घसरे. एका दुपारी ते पुन्हा कललं तेव्हा मला एकदम रडूच आलं.

"पुरे ना आता. दुसरं काही नाही का करता येत?"

"येतं," बाबा म्हणाले. "चाकं आत बंद करून टाकायची आणि स्टँडवर लावायचं. उडतंय असं. मग वजन लागत नाही."

"मग तसंच करा. उडू दे."

त्यांनी पुढचं चाक तळहातावर घेतलं. मिरीच्या दाण्याएवढं चाक. ते बोटाने फिरवत राहिले. "बघू," म्हणाले. आई काही म्हणाली की लगेच हो म्हणणारे बाबा मला मात्र एवढंच म्हणाले, आणि चाक पुन्हा डबीत ठेवून दिलं.

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. सकाळी जाग आली तीच जड. चहा झाला, अंघोळीऐवजी अंग पुसून झालं, आईने पोहे आणून दिले. पोटात काहीच हललं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, झोपलं असेल. पोटाला हळूच बोट लावून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. मागच्या वेळी असंच झालं होतं. सकाळी शांत होतं आणि मी म्हटलं होतं, झोपलं असेल.

आईला सांगितलं तर आई घाबरेल. आई घाबरली की खरं होईल. असलं काहीतरी डोक्यात होतं. बाबा हार्डवेअरच्या दुकानात गेले होते, अजून काही वजन शोधायला. मी आईला म्हटलं, "बाबांची ब्रशची डबी दे गं." हाताला काहीतरी हवं होतं, म्हणून.

आईने कपाटावरून त्यांची पत्र्याची डबी काढली. झाकण घट्ट होतं. तिने पदराने धरून ओढलं आणि ब्रश, चिंध्या, सँडपेपर सगळं पलंगावर सांडलं. त्यात एक गुलाबी कागदाची पुडी होती.

सराफाचा कागद आईने लगेच ओळखला. तिने पुडी उघडली नाही. हातात धरून तशीच उभी राहिली. आतून एकदा घुंगरू वाजलं.

बाबा दारात आले तेव्हा ती अजून तशीच उभी होती.

"हे घरात होतं?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू. "तुम्ही म्हणालात, परत दिले."

"गेलो होतो द्यायला."

"मग?"

"त्याने तराजू काढला. मी म्हटलं, राहू दे."

"एवढे दिवस घरात. हिच्या उशाशी. या कपाटावर." आईने पुडी अंगापासून लांब धरली. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा. सराफाला द्या, नाहीतर नदीत सोडा. पण आज घरात नको. अहो, तुम्हाला एकदा सांगून पुरलं नाही का?"

बाबांनी पुडीसाठी हात पुढे केला. एकदाही म्हणाले नाहीत की माझ्यामुळे झालं नव्हतं ते. तो पुढे केलेला हात बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, बाळ सकाळपासून हललं नाहीये."

मग आईने पुडी पलंगावर टाकली आणि माझ्या कपाळाला हात लावला, जणू ताप बघत होती. बाबा फोनकडे वळले.

मॅडम शांत होत्या. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. गोड काहीतरी प्यायला द्या, डाव्या कुशीवर राहू द्या, तासभर थांबून बघा. तोपर्यंत जाणवलं नाही तर सरळ घेऊन या, मी आहे. बाबांनी पगारेकाकांना खिडकीतून हाक मारून गाडी दाराशी लावून ठेवायला सांगितलं. आईने लिंबाचं सरबत केलं, साखर विरघळायच्या आतच आणलं. मी पेलाभर प्यायले. ग्लासच्या तळाशी साखर कचकचत होती.

मग थांबायचं होतं. काहीच करायचं नव्हतं. आई माझ्या पायाशी बसली, बाबा भिंतीला टेकून उभे. घड्याळ तेवढं चाललेलं. वरून कारखान्याचं चाचणीचं विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि मी सगळा जीव पोटात गोळा करून वाट पाहिली की याने तरी दचकेल. नाही.

"असे उभे राहू नका हो," आई म्हणाली. "भीती वाटते मला. काहीतरी करा."

"काय करू?"

माझ्यासमोर पाटीवर विमानाचे दोन अर्धे पडले होते, पोट उघडं टाकलेले. शेजारी ती पुडी. मी हात लांबवून ती उघडली. वाळे काळपटले होते. मी एक उचलून तळहातावर तोलला. एवढ्याशा गोष्टीचं चांगलं वजन लागत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "चांदी लोखंडापेक्षा जड असते ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाळ्याकडे. "असते. शिशाच्या जवळपास."

"आणि विषारी नसते."

"नाही."

"मग हे घाला."

आई म्हणाली, "काय घाला?"

"नाकात. तुकडे करून. मग हे बाळाचं राहणार नाही, आई. विमानाचं होईल." मला वाटलं होतं ती रागावेल. "नदीत सोडायला कोणी जाणार नाही आज. मला तुम्ही दोघंही इथे हवे आहात."

बाबा आईकडे बघत होते. मेथी आणू का, तशाच नजरेने.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला. परत आली तेव्हा तिच्या हातात अडकित्ता होता, तिच्या सासूचा, पितळी मुठीचा.

"तुमच्या पकडीने चेपेल नुसतं," ती म्हणाली. "इकडे द्या."

ती खाली मांडी घालून बसली. वाळा अडकित्त्यात धरला, आणि थांबली. तिने अंगठ्याने घुंगरावरची काजळी पुसली, नीट, दोन्हीकडून. मग दाब दिला. कट् आवाज झाला. सुपारी कातरावी तशी ती कातरत गेली आणि तुकडे बाबांच्या तळहातावर ठेवत गेली. आईच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब ओघळला, तिने तो खांद्याला पुसला आणि पुढचा तुकडा कातरला. घुंगरू मात्र तिने कातरले नाहीत, तसेच अख्खे दिले.

"हेही?" बाबांनी विचारलं.

"सगळं त्याचंच आहे. सगळं घाला."

बाबांनी तुकडे कणकेत दाबून नाकात भरले, शंकूच्या मागे, काडीने चेपून चेपून. दोन्ही अर्धे जुळवले, चिकटपट्टी गुंडाळली. चाकं लावली. पाटी माझ्या पोटाला टेकलेली होती, तिच्यावर विमान ठेवलं आणि दोन्ही हात एकदम बाजूला घेतले.

ते उभं राहिलं. आम्ही तिघं ते कलायची वाट बघत राहिलो. ते कललं नाही. तिन्ही चाकं टेकलेली, नाक सरळ समोर.

आई गुडघ्यांवर येऊन जवळून बघायला वाकली. आणि विमान हललं. नाकाकडून जरासं उचललं गेल्यासारखं हललं आणि पुन्हा टेकलं.

"हात लावू नकोस गं," बाबा म्हणाले.

"मी नाही लावला."

"पाटीला धक्का दिलास."

"अहो, माझे हात इथे आहेत."

तिने दोन्ही हात वर करून दाखवले, एकात अजून अडकित्ता. विमान पुन्हा हललं. यावेळी पाटीच उचलली गेली, माझ्या पोटाच्या बाजूने. मला आतून लागलं, बरगडीखाली, चांगलं जोरात.

मी नुसती मान हलवली. आईने अडकित्ता खाली ठेवला आणि तोंडात पदर कोंबला. बाबांनी विमान पडू नये म्हणून त्याच्या मागे हात धरला होता. ते तसाच हात धरून बराच वेळ उकिडवे बसले होते, आणि त्याची काही गरज नव्हती.

मॅडमनी तरीही बोलावलं. पगारेकाकांनी गाडी इतकी हळू नेली की सायकलवाले पुढे गेले. ठोके नीट होते. दवाखान्यातून परत आल्यावर बाबांनी कणीक काढून तेच तुकडे एम-सीलमध्ये पक्के बसवले, गॅलरीत, दार बंद करून. मग महिनाभर आम्ही ते रंगवत होतो, चंदेरी, पातळ हात देत देत. भीती काही गेली नाही. रोज सकाळी ती माझ्याआधी जागी व्हायची. शेवटी काच बसवायची तेवढी राहिली होती तेव्हा मला दवाखान्यात न्यावं लागलं, ठरल्यापेक्षा लवकर. आर्या आठव्या महिन्यात आली, काही दिवस काचेच्या पेटीत राहिली, आणि घरी आली. विमानाची काच बाबांनी त्या दिवशी संध्याकाळी बसवली.

बारशाच्या आदल्या दिवशी बाबा आईला म्हणाले, "वाळे आणायला हवेत. तू चलतेस ना?"

"मला पोळ्या करायच्या पडल्यात," आई म्हणाली. "तुम्हीच निवडा. मागच्यासारखे आणा, बारीक तारेचे."

आता आर्या बालवाडीत जाते. मागच्या महिन्यात आम्ही ओझरला गेलो होतो. जेवणानंतर बाबांचा डोळा लागला होता आणि मी भांडी पुसत होते. आर्या खुर्चीवर चढली आणि टीव्हीवरच्या फळीवरून तिने विमान खाली काढलं. मी ओरडणार होते, पण आईने मला हाताने थांबवलं.

"आजी, हे माझं आहे?" आर्याने विचारलं.

मला वाटलं आई म्हणेल, आजोबांचं आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती तेच सांगते.

"नाही गं राणी," आई म्हणाली. "ते तुझ्या दादाचं आहे. तू घे खेळायला. जपून ठेव पण."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. आई पुन्हा ओटा पुसायला लागली होती.

आर्याने कोण दादा, असं विचारलं नाही. तिला कोणाचं तरी आहे एवढं कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. तिने विमान घरभर फिरवलं, ओठांनी आवाज काढत, सोफ्यावरून, बाबांच्या पोटावरून. मग माझ्यासमोर फरशीवर बसली, दोन्ही हातांनी ते खाली आणलं, आधी मागची चाकं टेकवली, मग पुढचं, आणि हात काढून घेतले.